कुलगुरूंनो, जमेच्या बाजूपासून सुरुवात करा

प्रति,
माननीय कुलगुरू आणि अभ्यास मंडळांचे सदस्य,
सरजापूर, जिगणी आणि चंदापूर-आनेकल रस्त्यावरील विद्यापीठे,
तालुका आनेकल, बेंगळुरू.



आपल्या तालुक्यात सरजापूरला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, चंदापूर-आनेकल रस्त्यावर अलायन्स विद्यापीठ आहे, आणि जिगणीजवळ योगशिक्षणाला वाहिलेले एस-व्यास आहे. शिवाय नर्सिंगची, इंजिनिअरिंगची, मॅनेजमेंटची महाविद्यालये आहेत. जिथे नाचणीची आणि फुलांची शेते होती, तिथे आज देशभरातली मुले शिकायला येतात. त्यांत बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, बीडकडची मराठी मुलेही असतात. त्यांचे आईवडील हे पत्र वाचतील आणि आपल्या मुलांच्या प्राध्यापकांशी याविषयी बोलतील, या आशेने ते मराठीत लिहिते आहे. मी सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकवते आणि राहायला चंदापूरला आहे. विद्यार्थ्यांचे आरोग्य आणि आरोग्याचे शिक्षण या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या आहेत. त्या एकत्र आणाव्यात, आणि दोन्हींची सुरुवात माणसाच्या उणिवांऐवजी त्याच्या बलस्थानांपासून करावी, एवढेच मला सांगायचे आहे.

हे आत्ताच का, ते आधी सांगते. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. राज्यवार पाहिले तर सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच वर्षी २५ जुलै रोजी सुकदेब साहा खटल्याच्या निकालात न्यायालयाने देशातल्या सर्व शिक्षणसंस्थांना अंतरिम निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवे, गुणांवरून मुलांच्या तुकड्या शक्यतो पाडू नयेत आणि त्यांना चारचौघांत लाजवू नये, असे ते निर्देश आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्येच विद्यार्थ्यांच्या शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या.

या निर्देशांचे मी मनापासून स्वागत करते. समुपदेशकाची खोली हवीच. रात्री दोन वाजता ज्याला कुणाशी तरी बोलावेसे वाटते, त्याच्याकडे १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांकही हवा. पण विद्यार्थी त्या खोलीत महिन्यातून एखादा तास जाईल किंवा मुळीच जाणार नाही. वर्गात मात्र तो रोज पाच-सहा तास बसतो. तिथे त्याला कसे वागवले जाते, काय विचारले जाते, कशाचे गुण दिले जातात, यातून त्याचे स्वास्थ्य रोज थोडे घडते किंवा बिघडते. म्हणून हे पत्र समुपदेशन केंद्राच्या प्रमुखांना न लिहिता अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना लिहिते आहे.

आम्ही आरोग्याचे शिक्षक काय शिकवतो, ते पाहा. मी विद्यार्थ्यांना घेऊन याच तालुक्यातल्या खेड्यांत सर्वेक्षणाला जाते. हातात छापील फॉर्म असतो. शौचालय आहे का, गटार उघडे आहे का, मूल कमी वजनाचे आहे का, घरात तंबाखू-दारू आहे का, रक्तदाब-मधुमेह आहे का, हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण संध्याकाळी फळा भरतो तो केवळ दोषांनी. मुले गावाबद्दल बोलू लागतात ती एखाद्या रोग्याबद्दल बोलावे तशी, आणि अहवालात शेवटी ठरलेली शिफारस उतरते की जनजागृती शिबिर घ्यावे.

म्हणून आम्ही फॉर्मला एक पान जोडले. त्यावर एकच प्रश्न होता: एवढ्या सगळ्या अडचणी असताना या गावातली बहुतेक माणसे धडधाकट कशामुळे आहेत? हे पान भरायला मुलांना पहिल्या चार पानांहून जास्त वेळ लागला, कारण त्यासाठी बसून ऐकावे लागले. मग फळ्यावर वेगळ्याच गोष्टी आल्या. अंगणवाडीच्या ताई, ज्यांना प्रत्येक मुलाची आजीसुद्धा नावाने ठाऊक. बचत गट, ज्याच्या पेटीतून रात्री-अपरात्री दवाखान्याचे पैसे निघतात. दुपारच्या जेवणातले नाचणीचे 'मुद्दे', म्हणजे शिजवलेले गोळे, आणि पालेभाजीचे 'सारू', म्हणजे सार. मागावर बसणारा रेशीम विणकर, ज्याच्याभोवती शेजारची पोरे शाळा सुटल्यावर जमतात. आणि पिंपळाचा कट्टा. तिथे सकाळी म्हातारी मंडळी जमतात, आणि आज कोण आले नाही हे दहा वाजेपर्यंत सगळ्यांना कळलेले असते. न आलेल्याच्या घरी कुणीतरी डोकावून येते.

त्या वर्षीच्या अहवालांत शिबिराची शिफारस जवळजवळ दिसली नाही. एका गटाने सुचवले की रक्तदाबाची तपासणी बचत गटाच्या बैठकीच्या दिवशी आणि कट्ट्यावर व्हावी, कारण माणसे तिथे आधीच येतात आणि एकमेकांची विचारपूस करतात. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंना ही सूचना पटली, कारण ती त्यांना खरोखर करता येण्याजोगी होती. फॉर्मला एक पान जोडल्याने विद्यार्थी आणि गाव यांच्यातले नाते बदलले. विद्यार्थी तपासनीस राहिले नाहीत, ते शिकणारे झाले.

जे गावाबाबत खरे, ते विद्यार्थ्यांबाबतही खरे आहे. आपण प्रवेशाच्या वेळी 'जोखमीत असलेल्या' विद्यार्थ्यांची यादी करतो: घरात पदवीपर्यंत शिकणारी पहिली पिढी, इंग्रजी कच्चे, घरची परिस्थिती बेताची, घरापासून दूर. माझ्या वर्गातली एक मराठी मुलगी या यादीच्या प्रत्येक रकान्यात बसत होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. इंग्रजीतल्या चर्चेत ती तोंड उघडत नसे. दीर्घ आजारांच्या व्यवस्थापनाचा धडा सुरू असताना मी विचारले, घरात कुणाची औषधे स्वतः सांभाळली आहेत असे कोण कोण आहे? तिचा हात वर गेला.

हंगामात आईवडील कारखान्याकडे गेले की घरात ती, धाकटा भाऊ आणि मधुमेही आजी. आजीला वाचता येत नव्हते. मुलीने जुन्या लुगड्याच्या चिंध्या केल्या. सकाळच्या गोळ्या तांबड्या चिंधीत, रात्रीच्या निळ्यात, आणि जेवणाआधीची गोळी असेल तर चिंधीला गाठ. रविवारी ती आठवड्याच्या पुरचुंड्या बांधून ठेवायची आणि रोज संध्याकाळी मोजून पाहायची. पुरचुंडी उरली तर आजीने गोळी चुकवली आहे हे कळायचे, आणि मग का चुकवली याची चौकशी व्हायची. औषध नियमित घेतले जाण्याविषयी आमच्या पाठ्यपुस्तकात जेवढे आहे, ते बहुतेक सगळे या चिंध्यांत होते. तिने हे मराठी-हिंदीत सांगितले, शेजारच्या कन्नड मुलीने वर्गासाठी इंग्रजीत मांडले. त्यानंतर ती वर्गात बोलू लागली. तिचे इंग्रजी एका दिवसात सुधारले नाही. आपल्याजवळ इतरांना देण्यासारखे ज्ञान आहे, हे मात्र तिला आणि आम्हा सर्वांना कळले. कुठल्याही यादीत ही गोष्ट विचारणारा रकाना नव्हता.

यामागे भक्कम शास्त्रीय विचार आहे. इस्रायलमधले समाजशास्त्रज्ञ एरन अँटोनोव्स्की मध्यमवयीन स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास करत होते. त्यांत नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या स्त्रियाही होत्या, आणि त्यांच्यापैकी २९ टक्के स्त्रियांचे मानसिक आरोग्य चांगले असल्याचे आढळले. छावणीचा अनुभव नसलेल्यांत हे प्रमाण ५१ टक्के होते. फरक मोठा होता आणि अपेक्षितही. अँटोनोव्स्की यांना मात्र त्या २९ टक्क्यांनी विचारात टाकले. एवढे सोसूनही या बाया उभ्या कशा राहिल्या? १९७९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाने आरोग्यशास्त्राला हा उलट दिशेचा प्रश्न दिला: रोग कशाने होतो हे शोधताना आरोग्य कशाने टिकते हेही शोधा. त्यांच्या उत्तरात तीन गोष्टी होत्या. आपल्याभोवती काय चालले आहे ते माणसाला समजते. ते पेलण्याची साधने आपल्या हाताशी आहेत असा त्याला भरवसा असतो. आणि ते पेलण्यात अर्थ आहे असे त्याला वाटते.

या तीन कसोट्या आपल्या एका सत्राला लावून पाहा. समजते का? विद्यार्थ्याला गुण कशाचे मिळतात हे आधी लेखी सांगितलेले असते का, की निकाल लागल्यावरच त्याचा उलगडा होतो? पेलते का? चार विषयांचे प्रकल्प एकाच आठवड्यात द्यायचे असतील तर तो ताण विद्यार्थ्याच्या मनाच्या दुबळेपणातून आलेला नाही. तो आपल्या वेळापत्रकातून आला आहे आणि आपणच काढू शकतो. अर्थ वाटतो का? जे शिकवले जाते त्याचा आपल्या घराशी, गावाशी, पुढच्या कामाशी काय संबंध, हे विद्यार्थ्याला कुणी विचारू देते का? या तिन्हींची उत्तरे वर्गात शिकवणाऱ्याच्या हातात आहेत, आणि त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

कॅनडात केलोना येथे २०१५ मध्ये ओकानागन सनद तयार झाली. आरोग्य जपणारी विद्यापीठे कशी असावीत, याची ती आंतरराष्ट्रीय सनद आहे. विद्यापीठाच्या प्रशासनात, दैनंदिन कारभारात आणि अध्यापनातही आरोग्याचा विचार मुरलेला असावा, असे ती सांगते. जे बळ आधीपासून आहे त्यावर उभारणी करा, हे तिच्या मूलतत्त्वांपैकी एक आहे. पण हा विचार शिकायला कॅनडाला जायची गरज नाही. तो याच तालुक्यात, बन्नेरघट्ट्याच्या बाजूला, सकलवारा येथे सुमारे पन्नास वर्षांपासून आहे.

निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९७५ मध्ये डॉ. आर. एल. कपूर यांच्या पुढाकाराने सामुदायिक मानसोपचाराचा विभाग सुरू केला, आणि पाठोपाठ सकलवाऱ्याला ग्रामीण मानसिक आरोग्य केंद्र उभे राहिले. तेव्हा देशात मनोविकारतज्ज्ञ मोजकेच होते. खेड्यांत तज्ज्ञ नाहीत, हे रडगाणे गाणे सोपे होते. या मंडळींनी विचारले, खेड्यात कोण आहे? प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर आहे, घरोघरी जाणारा आरोग्य कर्मचारी आहे. या माणसांना गाव ओळखते आणि गावाला ती ओळखतात. मग त्यांच्यासाठी छोटे प्रशिक्षण आणि सोप्या पुस्तिका तयार झाल्या. अपस्मार, तीव्र मनोविकार, नैराश्य कसे ओळखावे, मोजकी औषधे कशी द्यावीत, घरी जाऊन पाठपुरावा कसा करावा, हे त्यांना शिकवले गेले. सकलवारा आणि चंदीगडजवळच्या रायपूर राणी येथील अनुभवांचा १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला आधार मिळाला. १९८५ पासून बळ्ळारीत जिल्हा पातळीवर प्रयोग झाला आणि त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज देशभर राबवला जाणारा हा कार्यक्रम आपल्या कॅम्पसपासून काही किलोमीटरवरच्या गावाचा ऋणी आहे. आपल्या किती विद्यार्थ्यांना सकलवारा ठाऊक आहे?

मराठी वाचकांना ही रीत परकी वाटणार नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले, आणि तिथे त्यांनी शिकलेल्या नर्सेसवरच विसंबून राहण्याऐवजी गावातल्याच बायकांना हाताशी धरले. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. आपल्या वस्तीतल्या कुठल्या घरात काय चालले आहे, हे मात्र त्यांना कुठल्याही डॉक्टरहून चांगले कळत होते. त्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, आणि पुढे देशोदेशीचे सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी जामखेडला येऊन त्यांच्याकडून शिकले. त्याआधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ मध्ये साताऱ्याला शिवाजी कॉलेज उभे करताना त्यांनी 'कमवा आणि शिका' हा पायाच घातला. गरीब शेतकऱ्याच्या मुलाकडे पैसा नाही हे सगळ्यांनाच दिसत होते. त्याच्याकडे कष्टाची सवय आहे, हे कर्मवीरांनी पाहिले आणि तीच त्याची फी मानली. मुलाला उपकाराखाली न ठेवता शिक्षण देण्याची ही रीत होती.

एक धोका मात्र मला इथे स्पष्ट मांडायचा आहे. बलस्थानांची भाषा फार लवकर पोकळ होते. 'सकारात्मक राहा' असा उपदेश करणारी पोस्टर्स भिंतींवर लागली की अनेकांना काम झाले असे वाटते. त्याहून वाईट म्हणजे तुमच्यात बळ आहे असे सांगून जबाबदारी झटकली जाते. गावात बचत गट चांगला आहे म्हणून तिथे डॉक्टर नको, विद्यार्थिनी सोशिक आहे म्हणून तिला शिष्यवृत्ती वेळेवर नको, असा अर्थ कुणी काढला तर या विचाराची विटंबना होईल. त्या ऊसतोड कामगाराच्या मुलीने लहानपणी आजीचा मधुमेह सांभाळला, ही तिच्या कर्तृत्वाची गोष्ट आहे आणि आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या अपयशाचीही. दोन्ही एकाच दमात शिकवता यायला हवे. ज्याला गंभीर नैराश्य आले आहे, त्याला उपचार हवेत. त्याच्या गुणांची यादी उपचाराची जागा घेऊ शकत नाही. जातीवरून, भाषेवरून, लिंगावरून होणारा त्रास थांबवायचा असतो. तो सहन करण्याची ताकद वाढवणे हा त्यावरचा उपाय असूच शकत नाही.

हे सगळे ध्यानात ठेवून मी आपल्यापुढे चार विनंत्या ठेवते. त्यांतल्या कशालाही नवी इमारत लागत नाही.

पहिली विनंती अभ्यासक्रमाची. आरोग्य, समाजकार्य, शिक्षण, नर्सिंग, योग, व्यवस्थापन, ज्या ज्या विषयात विद्यार्थी माणसांची पाहणी करायला बाहेर पडतात, तिथल्या प्रत्येक फॉर्ममध्ये बळाचे पान सक्तीचे करा आणि त्याला समस्यांच्या पानांइतकेच गुण द्या. गुण नसलेले पान विद्यार्थी भरत नाहीत, हे आपण सगळे जाणतो.

दुसरी विनंती वेळापत्रकाची. सत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विभागाने सगळ्या विषयांच्या परीक्षा आणि प्रकल्पांच्या तारखा एका तक्त्यावर मांडाव्यात, गर्दी झालेले आठवडे मोकळे करावेत आणि गुणदानाचे निकष पहिल्याच आठवड्यात लेखी द्यावेत. प्राध्यापकाने पहिल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव शिकावे. वर्ग मोठा असेल तर तो लहान गटांत वाटावा. वर्गात कन्नड, मराठी, ओडिया, मल्याळम ज्याला जी येते ती बोलू द्यावी, आणि इंग्रजीत मांडण्याचे काम गटाने मिळून करावे.

तिसरी विनंती शिक्षकांविषयी. अंगणवाडी ताई, आशा कार्यकर्त्या, बचत गटाच्या अध्यक्षा, रेशीम विणकर यांना आपल्या वर्गात शिकवायला बोलवा आणि पाहुण्या प्राध्यापकाला देता तेवढेच मानधन द्या. त्यांचे ज्ञान अभ्यासक्रमाचा भाग आहे, हे मानधनाच्या पावतीवर दिसू द्या.

चौथी विनंती एकत्र येण्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाप्रमाणे आपल्याला वर्षातून दोनदा कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण घ्यायचेच आहे. ते प्रत्येकाने आपापल्या सभागृहात उरकण्याऐवजी तालुक्यातल्या सगळ्या संस्थांनी मिळून घ्या, आणि त्यातले एक सकलवाऱ्याला घ्या. एकाकडे योगाची परंपरा आहे, दुसऱ्याकडे शिक्षणशास्त्र आणि सामाजिक कामाचा अनुभव आहे, तिसऱ्याकडे कायदा आणि व्यवस्थापन आहे. शेजारी असून आपण एकमेकांच्या जमेच्या बाजू वापरत नाही. त्या प्रशिक्षणात वसतिगृहांचे अधीक्षक, मेसमध्ये वाढणारे, बसचालक आणि रखवालदारही असू द्या. मूल दोन दिवस जेवायला आले नाही हे सर्वात आधी मेसमधल्या माणसाला कळते. पुढे कुणाला सांगायचे, एवढेच त्याला शिकवायचे आहे.

या चार गोष्टी एका विभागात, एका वर्षापुरत्या करून पाहा. वर्षअखेर विद्यार्थ्यांनाच विचारा की काय चालले आहे ते समजले का, पेलले का, त्यात अर्थ वाटला का. उत्तरे जशी येतील तशी छापा, वाईट आली तरी. पालकांनाही माझे सांगणे आहे. पुढच्या वेळी मुलाला सोडायला चंदापूरला किंवा सरजापूरला याल, तेव्हा प्लेसमेंटच्या आकड्यांबरोबर हेही विचारा की इथे माझ्या मुलाला जे येते त्याची दखल कोणत्या तासाला घेतली जाते.

कुलगुरू महोदय, येत्या शैक्षणिक वर्षाच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. पहिल्या बैठकीला बोलावलेत तर मी माझ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांनी भरलेल्या त्या जादा पानांना घेऊन येईन.



आपली,
सार्वजनिक आरोग्य शिकवणारी एक मराठी प्राध्यापिका
चंदापूर, तालुका आनेकल